टिकलीचं दावं

पालमच्या जनावरांच्या दवाखान्यात वाल्मीक ढगे एकतीस वर्षं परिचर होता. परिचर सरकारी कागदावर; गावाच्या तोंडी डॉक्टर. खरे डॉक्टर यायचे, दोन-तीन वर्षं पालमच्या उन्हाला शिव्या द्यायचे आणि खटपट करून बदली घेऊन जायचे. वाल्मीक जागचा हलला नाही. अडलेली म्हैस असो की नको ते खाऊन फुगलेला बैल, माणसं आधी वाल्मीकला हाक मारायची आणि मग, शिक्का पाहिजे म्हणून, डॉक्टरला. त्याचा हात पाठीवरून फिरला की लाथ मारणारी गाय गप उभी राहायची. पालममध्ये कुणालाही विचारा.

अशा गड्याच्या म्हातारपणी वाट्याला काय यावं? तर साडेचार किलोचं पांढरं कुत्रं. बरं, कुत्रं म्हणजे राखणदार तरी असावं. हे मांजराला बघून वाल्मीकच्या धोतराआड लपायचं. त्याला रोज विंचरावं लागायचं, डोळ्यांवर केस येतात म्हणून वर रबर लावावं लागायचं. वाल्मीकबरोबरच निवृत्त झालेला गोपीचंद रोज दारावरून जाताना थांबायचा. "वाल्मीक, लेकीच्या येण्या घालून झाल्या, आता हिच्या घाल. गजरा आणू का?"

कुत्रं होतं वाल्मीकच्या लेकीचं. राणी त्याची एकुलती एक. ती बारावीत असताना तिची आई गेली; पुढचं सगळं वाल्मीकनं एकट्यानं केलं. परभणीला ठेवून शिकवलं, लग्न लावून दिलं. जावई शिवप्रसाद दिल्लीजवळ गुरुग्रामला एका कंपनीत. तीन वर्षांपूर्वी राणी माहेरी आली ती लेक साक्षी आणि हे कुत्रं घेऊन. नवा घरमालक कुत्रं ठेवू देत नव्हता. "दादा, दोनच महिने," ती म्हणाली होती. त्या दोन महिन्यांची तीन वर्षं झाली. कुत्रीचं कागदावरचं नाव स्नोई. पालममध्ये हे नाव कोण घेणार? तिच्या कपाळावर काळा ठिपका होता, म्हणून ती टिकली झाली.

एकट्या माणसाचं जेवण काय असतं? चुलीपाशी उभ्यानं भाकरीचे चार घास. टिकली ताटासमोर येऊन बसायची, म्हणून वाल्मीक मांडी घालून जेवायला लागला. कुत्र्याला कांदा चालत नाही म्हणून त्यानं भाजीतला कांदा बंद केला. बाजारातला पट्टा तिच्या मानेला काचायला लागला, तेव्हा त्यानं ट्रंकेतून बायकोचं जुनं लुगडं काढलं, त्याचा लाल काठ फाडला आणि पीळ देऊन मऊ दावं वळलं. त्या लुगड्याला त्यानं बारा वर्षांत हात लावला नव्हता.

संक्रांत झाली आणि राणीचा फोन आला.

"दादा, आमचं स्वतःचं घर झालं. तेराव्या मजल्यावर. आता तुम्ही तिकडं एकटे कशाला राहता? दोघंही या, तुम्ही आणि स्नोई."

"किती दिसांसाठी म्हनायलीस?"

"दिवस काय मोजायचे? आता इकडंच. वास्तुशांतही करायचीय, तुम्ही आल्यावरच करू."

वाल्मीकनं फोन ठेवला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग तेच वाक्य त्यानं आख्ख्या गल्लीत सांगितलं. कटिंगवाल्याला सांगितलं, दवाखान्यात जाऊन नव्या डॉक्टरला सांगितलं, गोपीचंदला तर तीनदा सांगितलं. "लेक म्हनली, आता इकडंच."

कायमचं निघायचं म्हणजे मागं काही ठेवायचं नाही, ही आपल्याकडची रीत. त्यानं बाज शेजारच्या कोकिळाबाईला दिली. त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत कोकिळाबाईच्या सुनेनं शिलाई मशीन टाकलं. औषधाची, दोऱ्या-कात्र्यांची जुनी पिशवी, जी घेऊन निवृत्तीनंतरही लोक त्याला गोठ्यात बोलवत होते, ती त्यानं गोपीचंदच्या हातात ठेवली. निघायच्या आदल्या दिवशी गल्लीनं पुरणाचा स्वयंपाक केला. गोपीचंदनं चार माणसांत त्याला टोपी-टॉवेल आणि नारळाचा आहेर केला, आणि चेष्टा करता करता स्वतःच रडला. निरोपाचा आहेर घेतलेल्या माणसाला लगेच परत यायची सोय राहत नाही, हे वाल्मीकला ठाऊक होतं. पण परत यायचंय कुणाला?

रेल्वेनं कुत्रं न्यायचं तर त्याला सामानाच्या डब्यात पिंजऱ्यात घालतात, त्यात ती मरून जाईल, असं राणीचं म्हणणं. तेव्हा विमान, तेही हैदराबादहून, कारण तिथून एका कंपनीच्या विमानात लहान कुत्रं पिशवीत घालून पायाशी ठेवू देत होते. पिशवी राणीनं पाठवली होती, जाळीच्या खिडक्यांची. कुत्र्यासोबत माणूस मात्र पाहिजेच, हाही नियम होता. वाल्मीकनं तयारी केली ती एकतीस वर्षांच्या सवयीनं. दवाखान्याच्या काट्यावर पिशवीसकट वजन केलं. लशीचं कार्ड, तब्येतीचा दाखला, सगळं स्वतः उभं राहून घेतलं. आपली जुनी बंडी फाडून तिचा तुकडा पिशवीत अंथरला आणि पंधरा दिवस रोज दुपारी टिकलीला त्यात बसवून शिकवलं. ओळखीचा वास असला की जनावर अनोळखी जागेत घाबरत नाही.

भाड्याच्या गाडीनं नांदेड, देगलूर करत तो हैदराबादला पोचला. राणीनं कुत्री चालतात असं हॉटेल बघून ठेवलं होतं. काउंटरवरच्या माणसानं पिशवीत डोकावून पाहिलं. "चच्चा, रात को भौंकती क्या?"

"फिकर नक्को करो," वाल्मीक म्हणाला. "भौंकना पड़ा तो मैं भौंकूंगा. इनो नै भौंकती."

माणूस हसला आणि किल्ली दिली. खोलीतल्या पांढऱ्या शुभ्र चादरीवर बसायचा वाल्मीकला धीर होईना. त्यानं आपलं पटकूर खाली अंथरलं, टिकलीचे पाय ओल्या फडक्यानं पुसले आणि दोघं जमिनीवर झोपली. एवढा मोठा पलंग रात्रभर मोकळा राहिला.

सकाळी तिला खायला दिलं नाही. प्रवासाआधी पोट रिकामं ठेवायचं, हा दवाखान्यातला धडा. मग आपण खावं हे बरं नाही म्हणून त्यानंही फक्त चहा घेतला. विमानतळावर पिशवी मशीनमधून गेली आणि टिकलीला कडेवर घेऊन वाल्मीक चौकटीतून गेला. बंदूकवाल्या जवानानं वाल्मीकची झडती घेतली आणि टिकलीच्या डोक्यावरून हात फिरवला. विमानात वाल्मीकनं चपला काढल्या आणि अनवाणी पाय पिशवीच्या जाळीला लावून बसला. विमान जमीन सोडून उठलं तेव्हा त्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले. त्याच वेळी अंगठ्याला ओलं नाक टेकलं. घाबरू नको म्हणून कोण कुणाला सांगत होतं, कोण जाणे.

दिल्लीला उतरल्यावर राणीचा निरोप आला. घरात पाहुणे भरलेत, आजची रात्र हॉटेलला थांबा, उद्या मी येते. गाडीवाला येईल.

दुसऱ्या कुणाला यात काही खटकलं असतं. वाल्मीकला नाही. वास्तुशांतीला पाहुणे भरले तर घरच्या माणसानं बाहेर झोपावं, यात नवल ते काय? राणीच्या लग्नात तो स्वतः दवाखान्याच्या ओसरीवर चार रात्री झोपला होता. पाहुणा तो पाहुणा, आपण घरचे. हॉटेलात झोपताना त्याला उलट बरंच वाटलं, की लेकीनं आपल्याला घरच्यांत धरलं.

हे हॉटेल पहिल्यापेक्षा भारी होतं. खोलीत कोपऱ्यात छोटी गोल गादी, स्टीलच्या दोन वाट्या, आणि वर एक कार्ड. त्यावर इंग्रजीत 'वेलकम स्नोई' लिहिलेलं. वाल्मीकच्या नावाचं कार्ड नव्हतं. जनावराची सोय आधी बघणारी माणसं चांगली असतात, असं म्हणून त्यानं टिकलीला पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच तो तयार होऊन बसला. धुतलेलं धोतर, गोपीचंदनं दिलेली नवी टोपी. ट्रंक उघडून त्यानं आहेर वर काढून ठेवला: राणीला साडी, साक्षीला झंपर-परकर, जावयाला टॉवेल-टोपी. कोकिळाबाईनं दिलेला कुरडयांचा डबा शेजारी ठेवला. दुपारचे चार वाजले तेव्हा दार वाजलं.

राणी आणि साक्षी. साक्षी दहा वर्षांची झाली होती, उंच झाली होती. ती थेट टिकलीकडं धावली आणि तिला उराशी धरून रडायला लागली. टिकली आधी बुजली, मग तिनं वास घेतला, आणि तिची शेपटी हलली. वाल्मीकला भरून आलं. ओळख विसरत नाही जनावर, तो मनात म्हणाला.

"बस, राणी बाई. हे बग, वास्तुशांतीचा आहेर. तुला हिरवी आवडती म्हनून हिरवीच घेतली."

"वास्तुशांत?" साक्षीनं मान वर केली. "ती तर दिवाळीत झाली ना, मम्मी? मी घागरा घातला होता."

राणीनं साडीची घडी उगाच सरळ केली. वाल्मीक तिच्या तोंडाकडं बघत राहिला. मग तिनं पर्स उघडली आणि एक नवा कोरा लाल पट्टा काढला. त्याला पितळी बिल्ला होता, बिल्ल्यावर नाव आणि फोन नंबर.

बाजारात जनावर विकणारा आपलं दावं कधी देत नाही. घेणारा नवं दावं घेऊन येतो. ते गळ्यात पडलं की सौदा पक्का. विकणारा आपलं जुनं दावं सोडून घरी आणतो आणि खुंट्याला अडकवतो, म्हणजे खुंटा मोकळा राहत नाही. वाल्मीकनं हे उभ्या जन्मात शेकडो वेळा पाहिलं होतं. तो लाल पट्टा बघितला आणि सगळं कळायच्या आधीच त्याचा हात टिकलीच्या जुन्या दाव्याकडं गेला.

"नवं कामून आणलंस? हे हाय की चांगलं."

"सोसायटीत असं फडकं बांधून नाही चालत, दादा." आणि मग, खिडकीकडं बघत: "तुमचं परतीचं तिकीट काढलंय. उद्या सकाळी अकराचं. हैदराबादहून पुढं गाडी सांगितलीय."

"माजं?"

"हो."

"तू म्हनलीस, आता इकडंच."

"म्हणाले मी." राणीचा आवाज चढला. चुकलेल्या माणसाचा चढतो तसा. "सासूबाई कायमच्या आल्यात, दादा. दोनच खोल्या. ह्यांचं काम घरातूनच चालतं. कुठं ठेवू मी तुम्हाला? आणि ही पोरगी तीन वर्षं रोज स्नोई स्नोई करतेय. दुसऱ्या कुणाबरोबर ती पिशवीत बसली असती का?"

"मंग तसं सांगायचं फोनवर."

"सांगितलं असतं तर आणलं असतंत तुम्ही तिला?"

हे मात्र वाल्मीकच्या काळजाला लागलं. खोटं बोलली त्याहून जास्त लागलं. पोटच्या पोरीनं आपल्याला एवढंच ओळखलं?

"आणलं असतं, बाई," तो म्हणाला. "लेकराचं कुत्रं हाय. तू नुसतं दे म्हनली असतीस तरी आणलं असतं. त्याला मला फसवायची काय गरज होती? मी माजी बाज देऊन आलो, राणी."

"बाजेचं काय, नवी घेऊन देते मी."

साक्षी एकदा आजोबाकडं, एकदा आईकडं बघत होती. "आजोबा, तुम्ही घरी नाही येणार? मम्मी म्हणाली, तुम्हाला तिकडंच आवडतं."

"व्हय," वाल्मीक म्हणाला. "मला तिकडंच आवडतं."

तो खाली बसला. टिकली सवयीनं त्याच्या मांडीवर आली. तिच्या मानेमागची गाठ त्यानं सोडली, लुगड्याच्या काठाचं दावं गुंडाळलं आणि खिशात ठेवलं. राणीनं पट्टा बांधला. टिकलीनं पायानं तो खाजवून बघितला.

"दावं मी नेतो," तो म्हणाला. "देत नसतेत ते. पिशवीत माज्या बंडीचं फडकं हाय, ते तिच्याजवळ राहू दे. आठ दिस धुवू नको. वास लागतो तिला. अन् कांदा देऊ नको."

राणीनं मान हलवली. आहेर तिनं पिशवीत भरला. कुरडयांचा डबाही घेतला, सासूबाईंना आवडतात म्हणून.

जनावर घेऊन नवा धनी निघाला की जुन्या धन्यानं नजरेआड व्हायचं असतं, नाहीतर जनावर पाय रोवतं. वाल्मीक मोरीत गेला, दार लावलं आणि नळ पूर्ण सोडला. बाहेर टिकली एकदा भुंकली. अख्ख्या प्रवासात न भुंकलेली कुत्री. भरवसा ठेवून पिशवीत बसली, पाचशे कोस आली, आणि आपण तिला सांगितलं नाही की तू कुठं चाललीस. राणीनं आपल्याला जे केलं तेच आपण या मुक्या जिवाला केलं, ह्याचं त्याला इतकं वाईट वाटलं की नळ बंद करायचं त्याला सुचलं नाही. पाणी वाहून गेलं.

परतीच्या विमानात त्यानं पुन्हा चपला काढल्या, आणि मग पायाशी काही नाही हे ध्यानात येऊन परत घातल्या. हैदराबादला राणीनं सांगितलेल्या गाडीवाल्याला त्यानं हात जोडले आणि एसटी स्टँडवर गेला.

पालमला उतरला तेव्हा गोपीचंद स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेत होता. त्यानं बशी खाली ठेवली. "आरं वाल्मीक? पाचच दिसांत? का विमानातून हाकललं तुला?"

वाल्मीकनं खिशातून दावं काढून दाखवलं.

गोपीचंदची उभी हयातही जनावरांतच गेली होती. तो समजला. ट्रंक उचलली आणि चालायला लागला. वाटेत वाल्मीक म्हणाला, "तुजा आहेर परत घे बाबा. लाज वाटायली."

"आहेर परत घेत नसतेत," गोपीचंद म्हणाला. "ठेव. कवा तरी खरंच जाशील, तवा पुन्हा खर्च नको."

दिवस मावळायच्या आत बाज परत आली, औषधाची पिशवी परत आली. कोकिळाबाई मशीन काढते म्हणाली तेव्हा वाल्मीकनंच तिला थांबवलं. "राहू द्या. खडखड तरी व्हईल घरात." गल्ली पाठीमागं काय बोलली ते बोलली, तोंडावर कुणी काही विचारलं नाही. त्यानं लाल काठाचं दावं चुलीजवळच्या खुंटीला अडकवलं आणि उभ्या-उभ्या भाकर खाल्ली.

चौथ्या दिवशी सकाळी राणीचा फोन.

"दादा, ती खात नाही हो. तीन दिवस झाले. नुसती दाराशी पडून असते. डॉक्टरनं सुई दिली, तरी नाही."

"फडकं कुठं हाय?"

"सासूबाईंनी धुवायला टाकलं. वास मारत होतं." मग घाईघाईनं, "मी तिकीट पाठवते, दादा. दोन दिवस येऊन जा. हॉटेल तेच घेते, चांगलं आहे ना ते?"

वाल्मीकनं भिंतीला हात लावला. या पोरीला अजूनही कळलं नव्हतं, आणि आता कळेल असंही त्याला वाटेना.

"साक्षीला दे फोन," तो म्हणाला.

साक्षी आली. तिला त्यानं सांगितलं, वाटीत भात कालव, वाटी तिच्यापुढं ठेव आणि फोन तिच्या कानापाशी धर. मग तो मांडी घालून जमिनीवर बसला, रोज ताटावर बसायचा तसा. जिभेनं दोनदा टक टक केलं. "टिकले," तो म्हणाला. "ये माय. जेवाय ये. मी बसलोय बग."

पलीकडं काही ऐकू येईना. त्यानं पुन्हा टक टक केलं. मग पट्ट्याचा बिल्ला वाजला, वाटी फरशीवर सरकली, आणि साक्षी ओरडली, "आजोबा, खायला लागली! खातेय ती!"

तो ऐकत राहिला. वाटी सरकायची थांबेपर्यंत त्यानं फोन कानाला धरून ठेवला.

"साक्षी, रोज जेवायच्या येळंला मला फोन लाव," तो म्हणाला. "तू लाव."

"दादा," मागून राणीचा आवाज आला. "दादा, ऐका ना—"

वाल्मीकनं फोन ठेवला आणि चुलीवरची भाकर उलटली.